डिमेन्शिया असलेल्या माणसासाठी फिजेट मॅट कशी शिवायची

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाचे हात जरा वेळ नुसते बघत बसा, ते क्वचितच शांत असतात. चादरीचं टोक गुंडाळायचं परत सोडायचं, शर्टाचं एकच बटण काढत-घालत बसायचं, टेबलावर काही नसताना पुसत राहायचं, स्वेटरचा सुटलेला धागा ओढत राहायचा. घरच्यांना ही नुसती चुळबुळ वाटते, मग कोणीतरी हात धरून थांबवतं आणि माणूस अजून बिथरतो. माझं म्हणणं असं की हात थांबवू नका, हातांना काम द्या. फिजेट मॅट म्हणजे तेच, मांडीवर किंवा टेबलावर मावेल अशी छोटी जाडसर गोधडी आणि तिच्यावर पक्क्या शिवलेल्या चेन, बटणं, खिसे, वेण्या, मऊ-खरखरीत कापडांचे तुकडे. सरळ टीप मारता येत असेल आणि बटण लावता येत असेल तर तुम्ही ही शिवू शकता, यात कुठलंही मोठं कौशल्य नाहीये, फक्त थोडा विचार आणि भरपूर पक्के टाके लागतात.

हे का चालतं ते आधी थोडक्यात सांगते कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. स्मृती जाते म्हणजे सगळी एकदम जात नाही. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नवीन आठवणी साठवणाऱ्या भागाला, बराच आधी फटका बसतो म्हणून नुकतं घडलेलं आठवत नाही, सकाळी कोण आलं होतं, औषध घेतलं का वगैरे. पण वर्षानुवर्षं हातांनी केलेली कामं, म्हणजे गाठ मारणं, बटण लावणं, कापडाची घडी घालणं, ही सवयीची स्मृती मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालते आणि बऱ्याच लोकांत ती खूप उशिरापर्यंत टिकून असते. कॅमेरॉन कॅम्प नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांची माँटेसरी पद्धत डिमेन्शिया असलेल्या मोठ्या माणसांसाठी बदलून वापरली तीसुद्धा याच धाग्यावर, की जे जमतंय ते धरून चला. मॅट हा उपचार नाही, तिने आजार थांबत नाही, पण संध्याकाळी जी बेचैनी वाढते ना बऱ्याच जणांची, त्या वेळात हात गुंतले की माणूस थोडा सैलावतो, अंगावरची नळी ओढणं किंवा कातडी खाजवणं कमी होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवते. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक खूप अस्वस्थ झाला, हात सारखे ओढाताण करायला लागले, बडबड वाढली किंवा उलट एकदम गुंगीत गेला, तर मॅट काढून देऊ नका, डॉक्टरांना गाठा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं, नवीन गोळीचा परिणाम, यातलं काहीही असू शकतं आणि त्यांना ते बोलून सांगता येत नसतं.

कापड कापायच्या आधी हात बघा

लोक आधी दुकानात जाऊन सुंदर सुंदर बटणं आणतात आणि मग मॅटवर सगळं दाटीवाटीने बसवतात, ती मॅट शिवणाऱ्याला आवडते पण ज्याच्यासाठी आहे तो तिच्याकडे बघतही नाही. म्हणून तीन-चार दिवस फक्त बघा आणि कागदावर लिहा. बोटांनी चिमटीत धरून ओढतायत का? तळहाताने घासतायत का? गुंडाळतायत, की मोडून घडी घालतायत? हात सारखा खिशात जातोय का? चिमटीत ओढणाऱ्याला चेन, लूप, वेण्या आवडतील. तळव्याने घासणाऱ्याला कापडाचे मोठे तुकडे हवेत, टॉवेल, मखमल, कॉर्डरॉय, आणि तेही तळहाताएवढे, पोस्टाच्या तिकिटाएवढे नाहीत. गुंडाळणाऱ्याला एक बाजू मोकळी सोडलेली कापडी पट्टी द्या जी गुंडाळून लूपमध्ये अडकवता येईल. खिशात हात घालणाऱ्याला खिसा द्या, एवढं साधं आहे ते.

मग विचारा की आयुष्यभर या हातांनी काय केलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंना काज-बटण आणि लेस ओळखीची वाटेल, गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला जाड जीन्स, बकल, मोठी रिंग, पट्टा. आयुष्यभर ऑफिसात कागद चाळणाऱ्याला कापडाची चार-पाच पानं एका बाजूने शिवून दिलीत की तो ती उलटत बसेल. त्यांचेच जुने कपडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, जुन्या शर्टाचा बटणांसकट पुढचा भाग, पँटचा मागचा खिसा जसाच्या तसा कापून बसवता येतो आणि तो हाताला ओळखीचाही असतो. (घरच्यांना विचारून कापा, आणि माणसासमोर कापू नका, आपला शर्ट कोणी फाडतंय हे बघणं त्रासाचं होतं.)

शरीराकडेही बघा. संधिवाताने बोटं आखडली असतील तर छोटी चेन उघडणारच नाही, तिला मोठी रिंग किंवा कापडी लूप लावावा लागतो. पक्षाघात होऊन गेला असेल तर चालणारा हात कुठला ते बघून वस्तू त्या बाजूला घ्या, आणि काही जणांना मेंदूच्या उजव्या भागातल्या झटक्यानंतर डावी बाजू असूनही लक्षात येत नाही, त्यांच्यासाठी डावीकडे बसवलेलं सगळं वाया जातं. सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू तोंडात घालतात का? फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात किंवा इतर प्रकारांच्या पुढच्या टप्प्यात ही सवय दिसते. तसं असेल तर बटण-मणी-रिंग काहीच नको, फक्त कापडाची मॅट करा, वेण्या, खिसे, घड्या, पोत. तीही छान होते, तिला कमी समजू नका.

रंग आणि डिझाइन

ही लहान बाळाची वस्तू दिसता कामा नये. कार्टूनचे प्रिंट, एबीसीडी, बदकं-ससे काही नको. समोर बसलेला माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगलेला आहे, पाहुण्यांसमोर मांडीवर ठेवायला त्याला आणि त्याच्या मुलांना संकोच वाटू नये अशी मॅट हवी.

वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होतं, त्यामुळे निळा-हिरवा-जांभळा यांच्या जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. डिमेन्शियात भर म्हणून एखादी गोष्ट किती खोल, किती जवळ याचा अंदाजही बिघडतो. तर मॅटची जमीन, म्हणजे मागचं मुख्य कापड, एका शांत, साध्या, फिक्या रंगाची घ्या आणि वस्तू तिच्यावर उठून दिसतील अशा, लाल, पिवळ्या, गडद निळ्या. फिक्यावर गडद किंवा गडदवर फिकं. पण जमिनीवर काळा गोल वगैरे नको, तो भोक वाटतो काही जणांना. बारीक ठिपके, बारीक पानं-फुलं असलेलं कापडही टाळा, ते किडे हलताहेत असं दिसू शकतं, विशेषतः लुई बॉडी डिमेन्शियात जिथे भास हा आजाराचाच भाग असतो. मोठ्या चौकड्या किंवा जाड पट्टे चालतात. आरसा किंवा आरशासारखं चमकणारं कापड नको, स्वतःचं प्रतिबिंब न ओळखून घाबरायला होतं.

आणि मॅटवर वस्तू पाच किंवा सहा. खरंच तेवढ्याच. वीस वस्तू दिसल्या की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही आणि हात मागे येतो.

सामान

मांडीवर आणि टेबलावर दोन्हीकडे चालेल असं माप म्हणजे साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटर, व्हीलचेअरवर बसणाऱ्यासाठी थोडी अरुंद, ४० बाय ५०, म्हणजे कडा चाकात अडकणार नाहीत. वरच्या आणि खालच्या थराला सुती जाडसर कापड, मधे जुनं ब्लँकेट, फ्लॅनेल किंवा रजईत घालतात तसलं पातळ वॅडिंग. मधे धान्य, बिया, मणी असलं काहीही भरू नका, धुतलं की कुजतं आणि उसवलं की सगळं बाहेर येऊन तोंडात जातं. मॅट मुद्दाम जड करायच्या भानगडीतही पडू नका, अशक्त मांडीवर वजन नको. मांडीवरून घसरत असेल तर खालच्या थराला कॉर्डरॉय लावा, सॅटिन तर खाली मुळीच नको.

दोरा पॉलिएस्टरचा, चांगल्या कंपनीचा. जुना सुती दोरा घरात पडलेला असतो तो वापरायचा मोह होतो पण तो कुजलेला असू शकतो, दोन बोटांत धरून झटका द्या, तुटला तर फेकून द्या. मशीनला १६ नंबरची सुई, कारण जीन्स आणि चेनच्या जागी थर वाढतात आणि बारीक सुई तिथे मोडते, मोडलेलं टोक कापडात राहणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. टाचण्या मोजून घ्या. सुरुवातीला डबीत किती आहेत ते लिहा आणि शेवटी परत मोजा, किंवा टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा, आणि मॅट पूर्ण झाल्यावर वरून एक चुंबक फिरवा.

सगळं कापड, लेस, पट्टा, अगदी चेनसुद्धा आधी गरम पाण्यात धुऊन वाळवून इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात जीन्स आटते, टॉवेल वेगळाच आटतो, लाल लेसचा रंग पांढऱ्यावर उतरतो आणि मॅट वाकडी होऊन बसते.

वस्तू कशा बसवायच्या

इथे घाई करू नका, सगळी सुरक्षितता इथेच आहे. नियम एकच, प्रत्येक वस्तू वरच्या थरावर बसवायची, मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) किंवा कॅनव्हासचा तुकडा लावून, आणि नंतरच तीन थर जोडायचे. म्हणजे गाठी आणि दोऱ्याची टोकं आत झाकली जातात, पाठ गुळगुळीत राहते आणि ओढ एका बिंदूवर न येता पसरते. ४८ बाय ६३ चे दोन तुकडे कापा, चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर शिलाईत जाणार. कोपरे एखादी वाटी ठेवून गोल कापा, टोकदार कोपरे पोटाला टोचतात. आता वरच्या तुकड्यावर वस्तू नुसत्या मांडून बघा, कडेपासून निदान सहा सेंटिमीटर आत, दोन वस्तूंमध्ये हात टेकवायला मोकळी जागा, आणि मग खुर्चीत बसून मॅट मांडीवर घ्या, डोळे मिटून हात फिरवा. हाताला जे सापडत नाही ते हलवा. फोटो काढून ठेवा म्हणजे नंतर जागा लक्षात राहते.

चेन आधी. मोठ्या दातांची प्लॅस्टिकची, पाच नंबर किंवा त्याहून मोठी, साधारण १८ ते २० सेंटिमीटर. धातूच्या दातांनी म्हाताऱ्या पातळ कातडीला ओरखडे येतात म्हणून ती नको. सोपी पद्धत अशी की आधी एक भडक रंगाचा कापडाचा तुकडा मॅटच्या वरच्या थरावर ठेवा, त्यावर चेन, आणि चेनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या झाकतील अशा दुमडलेल्या कापडी पट्ट्या ठेवून मशीनच्या चेन लावायच्या फूटने दातांजवळून एक टीप आणि बाहेरच्या कडेने दुसरी टीप. त्या भडक कापडाच्या कडाही या पट्ट्यांखाली झाकल्या जायला हव्यात. वरचं आणि खालचं टोक कापडाखाली गाडून तिथे चार-पाच वेळा मागे-पुढे टीप मारा म्हणजे रनर (चेन उघडायला सरकवतो तो भाग) कधीच बाहेर पडणार नाही. चेन उघडली की आतला रंग दिसतो आणि बंद केली की जातो, आणि हे लोकांना परत परत करावंसं वाटतं. रनरला कापडाचा चार सेंटिमीटरचा जाड लूप अडकवून शिवा, मण्यांची लोंबती साखळी नको.

बटणं मोठी, अडीच-तीन सेंटिमीटरची, चार भोकांची. दुहेरी दोऱ्याने लावा म्हणजे प्रत्येक फेरीत दोन पदर जातात, प्रत्येक भोकातून निदान सहा वेळा, आणि मागच्या बाजूला एक छोटं चपटं बटण किंवा फेल्टचा तुकडा घेऊन त्यातूनही टाका काढा, नाहीतर कोणी जोर लावला की दोरा तुटत नाही, कापडच फाटतं आणि बटण तुकड्यासकट हातात येतं. वर बटणाखाली आगकाडी ठेवून शिवा, मग काडी काढून दोऱ्याचे वेढे घाला म्हणजे बटणाला मान येते आणि काजात घालायला सोपं जातं. काज बटणापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठं ठेवा, सैल काजाने इथे काही बिघडत नाही. बटण चिकटवायचं नाही, कुठलीच वस्तू चिकटवायची नाही, हॉट ग्लू दोन धुण्यांत सुटतो आणि त्याचे कडक तुकडे पडतात.

खिसा असा की पूर्ण हात आत जाईल, रुंदी-खोली १५-१६ सेंटिमीटर, तोंडाशी एक चुणी घालून थोडा सैल. आत मखमल किंवा टर्किश टॉवेलचं अस्तर लावलंत तर बाहेर साधं दिसणारं कापड आत गेल्यावर एकदम मऊ लागतं. खिशात एक रुमाल ठेवायचा, त्याचं एक टोक खिशाच्या तळाशी शिवून टाकायचं. काढायचा, उलगडायचा, घडी करून परत ठेवायचा. मला विचाराल तर एकाच वस्तूची मॅट करायची झाली तर मी हीच करेन, कारण यात काम सुरू होतं आणि संपतं, आणि हाताला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

वेण्या करायला तीन वेगवेगळ्या पोतांच्या पट्ट्या घ्या, घट्ट गुंफा आणि दोन्ही टोकं मॅटमध्ये पक्की शिवा, मधे दोन बोटं जातील एवढीच सैल ठेवा. मोकळी लोंबणारी कुठलीही नाडी, रिबन, पट्टी १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि दोन नाड्यांचा मिळून मोठा फास होईल अशा जवळही नकोत. बोट अडकून रक्त थांबेल असा लवचिक पातळ लूप पण नको, म्हणून इलास्टिक वापरायचं तर रुंद वापरा. पट्ट्यावर मोठे मणी ओवायचे असतील तर तीन-चार सेंटिमीटरचे घ्या, बॅगेच्या मजबूत पट्ट्यावर ओवून पट्ट्याची दोन्ही टोकं चौकोन आणि त्यात फुली अशा टिपेने शिवा, बॅगांना असते तशी.

वेल्क्रोचा आवाज आणि ओढ काही जणांना फार आवडते. त्याची खरखरीत बाजू झाकणाच्या आतल्या अंगाला लावा आणि कापलेले कोपरे गोल करा, नाहीतर हाताला ओरखडतं. कुरकुर आवाजाचा कागद, घुंगरं, आवाज करणाऱ्या चकत्या या गोष्टींबद्दल माझं मत नकोच असं आहे, आवाज कुठून येतोय ते कळत नाही आणि माणूस दचकतो, शिवाय घुंगरू निघालं तर घशात जायच्याच मापाचं असतं. चुंबक आणि बटण-सेलवर चालणारं काहीही अजिबात नको, दोन्ही गिळले गेले तर आतडं किंवा अन्ननलिका भाजण्या-फाटण्यापर्यंत जातं, आणि पेसमेकर असलेल्या छातीजवळ चुंबक तर नाहीच. फोटो लावायचा असेल तर कापडावर छापून घ्या, लॅमिनेट केलेल्याच्या कडा कापतात.

जोडणी

हे काम लवकर होतं. सगळ्यात खाली वॅडिंग, त्यावर वरचा थर सुलट बाजू वर, त्यावर पाठीचं कापड सुलट बाजू खाली. चेन बंद, लोंबणारं सगळं आतल्या बाजूला टेपने तात्पुरतं दाबलेलं, म्हणजे कडेच्या टिपेत सापडणार नाही. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटरवर टीप मारा, एका सरळ बाजूला २० सेंटिमीटर उघडं सोडा, छोटं सोडलंत तर बकल-बटणांसकट मॅट उलटताना जीव जातो. वॅडिंग शिलाईच्या जवळून छाटा, गोल कोपऱ्यांना छोटे काप द्या, उलटा, टेप काढा, उघडी बाजू आत दुमडून हाताने बारीक टाक्यांनी बंद करा. मग कडेने अर्ध्या सेंटिमीटरवर एक टीप आणि एक सेंटिमीटरवर अजून एक. मोकळ्या जागांमधून तीन थरांतून दोन-चार ओळी टाके घाला, हाताचा धावदोरासुद्धा चालेल, म्हणजे आतलं वॅडिंग गोळा होत नाही.

आता ओढून बघा. हळुवार नाही, रागात असलेला माणूस ओढेल तसं. जमलं तर सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या, प्रत्येक बटण, लूप, रिंगेला अडकवून नऊ किलोपर्यंत ओढा आणि दहा सेकंद धरून ठेवा. हा आकडा मी मनाने नाही सांगत, मुलांच्या खेळण्यांच्या युरोपियन मानकात, ईएन ७१ मध्ये, छोट्या भागांसाठी ९० न्यूटनची ओढ दहा सेकंद धरायची चाचणी आहे, ती साधारण तेवढीच येते. टाका जरा जरी सैल झाला तर उसवून परत शिवा. आणि हातरुमाल घेऊन मॅटवरून फिरवा, तो कुठे अडकला तर तिथे कातडीही अडकणार.

द्यायची कशी

समोर ठेवून “हे करा, ती चेन उघडा बघू” असं म्हणू नका, परीक्षा घेतल्यासारखं होतं. शेजारी बसा, मॅट दोघांच्या मधे ठेवा, तुम्हीच बोलता बोलता खिशातला रुमाल काढा, घडी घाला, परत ठेवा. हात आपोआप येतो बहुतेकदा. नाही आला तर राहू दे, उद्या दुसऱ्या वेळी. बेचैनी सुरू होण्याची जी वेळ आहे तिच्या अर्धा तास आधी दिलीत तर जास्त उपयोग होतो, एकदा माणूस चिडला की मग मॅट फेकलीच जाते. मॅटला त्यांचं काही नाव असेल, “माझं काम” म्हणत असतील, तर तुम्हीही तेच म्हणा.

मॅट खुर्चीला बांधून टाकायची नाही, बांधली आणि त्यांना स्वतःला काढता आली नाही तर ते माणसाला अडकवून ठेवणंच झालं, आणि उठायला गेले की पडतील. झोपताना, जेवताना काढून ठेवा. वस्तू तोंडात घालणाऱ्याला तर नजरेआडही देऊ नका. एका माणसाची मॅट दुसऱ्याला देऊ नका, विशेषतः हॉस्पिटलात किंवा केअर होममध्ये, हातावरचे जंतू हातातून हातात जातात. त्यासाठी पाठीवर नावाची कापडी पट्टी शिवून टाका, लॉन्ड्रीत गेली तरी परत येईल.

धुताना चेन आणि वेल्क्रो बंद करून जाळीच्या पिशवीत घालून ४० अंशांवर धुवा आणि सावकाश सपाट वाळवा. वरून कोरडी लागली तरी आतला थर ओला असतो, त्याला बुरशीचा वास येतो, म्हणून अजून एक दिवस राहू द्या. याच कारणाने जमलं तर मॅट दोन शिवा, एक धुण्यात गेली की दुसरी हाताशी. दर आठवड्याला आणि प्रत्येक धुण्यानंतर सगळे टाके बघा, कडक प्लॅस्टिकला चीर गेलीये का बघा, शंका आली की ती वस्तू काढून टाका.

आजार पुढे सरकतो तशी मॅटही बदलावी लागते. बटण लावता येईनासं झालं की माणूस त्याच्याशी झगडतो आणि त्याला वाईट वाटतं, म्हणून ते जमत नाहीये असं दिसलं की सीम रिपरने (टाके उसवायच्या छोट्या हत्याराने) बटण आणि त्याचा दोरा पूर्ण काढून तिथे मखमलीचा किंवा टॉवेलचा हाताएवढा तुकडा शिवा. चेन अर्धवट उघडून सोडत असतील तर चेन राहू दे, उघडण्यातच मजा असेल. वस्तू कमी होत जातात, पोत वाढत जातात, आणि शेवटी शेवटी नुसती तीन-चार कापडांची मऊ मॅटसुद्धा पुरते, तिच्यावर हात ठेवून बसतात. हे बदल करता यावेत म्हणून शिवतानाच उरलेलं कापड आणि त्याच रंगाचा दोरा एका पिशवीत घालून, कुठली वस्तू कधी बसवली कधी काढली त्याच्या चिठ्ठीसकट, मॅट जिथे ठेवता तिथेच ठेवून द्या, म्हणजे तुम्ही नसताना दुसऱ्या कोणालाही दुरुस्ती करता येईल.